भावसार सरांचे दोन रुमाल

जळगाव स्टँडवर धुळ्याची गाडी लागली की लोक दाराकडे धावत आणि भावसार सर खिडकीकडे. खिशातून निळ्या काठाचा पांढरा रुमाल काढायचा, घडी न मोडता दोन बोटांत धरायचा आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या खिडकीतून असा सोडायचा की तो बरोबर सीटच्या मधोमध पडावा. इथपर्यंत सगळा खानदेश करतो. सर त्यापुढे जात. ते वळून शेजारच्या फलाटावर यायचे आणि भुसावळहून आलेल्या सुरत गाडीतही एक रुमाल टाकायचे. तीही धुळ्यावरूनच जायची. मग दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे राहून चहा घ्यायचे. कुठला ड्रायव्हर घाईत दिसतो, कुठल्या गाडीत रडकं पोर चढलं, कुठल्या बाजूला ऊन येणार, याचा पूर्ण विचार करून शेवटच्या क्षणी एकीत चढायचे. दुसरीतला रुमाल गेला तो गेला. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ते रुमाल धुळ्याच्या बाजारातून डझनावारी आणत, आणि सरांच्या मते घरखर्चातली ती सर्वांत शहाणपणाची बाब होती.

"अहो महाजन," ते मला सांगत, "सीटवर बसलात म्हणजे तुम्ही शेअर घेतलात. गाडी पंक्चर झाली तरी तुमची, खिडकीची काच अडकली तरी तुमची. रुमाल टाकलात म्हणजे ऑप्शन. वाटलं तर बसा, नाही वाटलं तर नका बसू. हक्क आहे, सक्ती नाही."

हे शेवटचं वाक्य मी दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की आजही कुणी पंगतीत "अजून एक जिलेबी घ्या, आग्रह नाही" म्हणालं तरी मला सर आठवतात.

सर धुळ्याच्या एका कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. शिकवायचे उत्तम, असं त्यांचे विद्यार्थी सांगत; ते स्वतःही सांगत. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सगळ्या गावाला शेअरचं वेड लागलेलं होतं. रेल्वे स्टेशनसमोरचा केळीवालासुद्धा नव्या इश्शूचे फॉर्म भरत होता. सरांनी तेव्हा कॉलेजातून दोन वर्षांची बिनपगारी रजा काढली आणि जळगावला सॉफ्टवेअर लिहायला आले. नोकरी सोडली नाही, हे नीट लक्षात घ्या. नोकरीवरचा हक्क, ज्याला सरकारी भाषेत लिअन म्हणतात, तो दोन वर्षं शाबूत होता. दोन वर्षांच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. "म्हणजे बघा," सर हौसेनं सांगत, "माझ्या नोकरीचाच मी ऑप्शन घेतलाय." मधली दोन वर्षं घर एकट्या वहिनींच्या शाळेच्या पगारावर चाललं होतं, हे ते सांगत नसत.

जळगावात हिरालालशेठ म्हणून शेअरचे दलाल होते. नव्या पेठेत खाली त्यांची गादी, वर एक रिकामी खोली. ती खोली आणि दोन कॉम्प्युटर त्यांनी सरांना दिले. बदल्यात सरांनी त्यांना प्रोग्राम लिहून द्यायचा होता. कुठल्या गिऱ्हाइकाचे कुठले शेअर आले, कुठले विकले, कुठलं सर्टिफिकेट कधी मुंबईला पाठवायचं, एवढंच. तो चालला तर शेठ धुळ्याच्या, पाचोऱ्याच्या आणि चाळीसगावच्या दलालांना दाखवणार होते, आणि आमचं बस्तान बसणार होतं. आम्ही म्हणजे पारोळ्याहून रोज येणारी, बीएस्सी झालेली मी आणि जामनेरचा विलास. दोघांचीही ती पहिली नोकरी.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं शेअर, दुसऱ्यावर ऑप्शन. विलासनं वही काढली.

"शेअरच्या प्रोग्रामला काय विचारायचं असतं? काय आहे, कोणाचं आहे, किती आहे. संपलं. पेटीत पडून राहिला तरी शेअर शेअरच राहतो. ते कारकुनी काम." मग दुसऱ्या रकान्याकडे वळताना त्यांचा आवाज बदलला. "ऑप्शनच्या प्रोग्रामला विचारायचं असतं, अजून दिवस किती उरलेत? थोडे पैसे देऊन तुम्ही फक्त हक्क घेतलाय, अमुक तारखेपर्यंत तमुक भावानं घेण्याचा. हा हक्क रसवंतीवरच्या बर्फासारखा रोज थोडा विरघळतो. तो आज किती उरला, हे रोज संध्याकाळी मशीननं सांगितलं पाहिजे. प्रोग्रामरची खरी कसोटी तिथे आहे."

"आपल्याकडे आहे का सर असा बाजार?" विलासनं विचारलं.

"सध्या बंद आहे," सर म्हणाले. सूर असा की दुकानाला जेवणाची सुट्टी झाली असावी. त्यांचे मामा चाळीसगावला सरकीच्या व्यापारात होते. पूर्वी तिथे लोक थोडा नजराणा देऊन तेजी लावत, मंदी लावत, म्हणजे हाच प्रकार. पुढे सरकारनं तो कायद्यानं बंद केला. पण सरांकडे एका जाड परदेशी पुस्तकाची झेरॉक्स होती आणि त्यात एक लांबलचक सूत्र होतं. हा बाजार उद्या उघडेल तेव्हा अख्ख्या देशात तयार प्रोग्राम एकच असेल, आणि तो जळगावात असेल, असा त्यांचा हिशेब होता.

विलास भोळा होता, म्हणून त्याला नेमके प्रश्न पडत. "सर, घेणाऱ्यावर सक्ती नाही, हे समजलं. मग जो देतो त्याचं काय? त्याला तर द्यावंच लागेल ना?"

सरांनी डस्टर उचललं. फळा पुसत म्हणाले, "देणाऱ्याची फाइल आपण पुढच्या आवृत्तीत करू."

ती आवृत्ती कधी आली नाही.

सरांचं सगळं जगणं घेणाऱ्याच्या बाजूनं चाललेलं असे. हॉटेलात ते पोऱ्याला सांगत, "एक कांदाभजी सांगून ठेव, टाकू नको." कापडवाल्याकडे त्यांचे तीन पँटपीस वेगळे काढून ठेवलेले असत, दरवर्षी तेच तीन. जळगावात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती, दर महिन्याला भाडं भरत आणि किल्ली जानव्यासारखी सदैव जवळ बाळगत; झोपले मात्र तिथे एकदाही नाहीत. रोज धुळ्याला परत. रोजचे जाऊन येऊन पाच तास एसटीत. "कंटाळा आला तर खोली आहे," म्हणत. कंटाळा त्यांना कधी आलाच नाही, कारण प्रवासात मी पारोळ्यापर्यंत शेजारी असायची आणि कंटाळा माझ्या वाट्याला यायचा.

हा माणूस मला आवडायचा, हेही सांगून टाकते. घरी वडिलांनी मला कधी दोन वाक्यांपलीकडे काही समजावून सांगितलं नव्हतं. सर कंडक्टरच्या तिकिटामागे आलेख काढून मला संभाव्यता शिकवत. माझ्या प्रोग्राममधली चूक सापडली की त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा, आणि ती चूक मी केली याचा राग कधी यायचा नाही. म्हणून तर मी दोन वर्षं टिकले.

शेठचा प्रोग्राम आम्ही वर्षभरात फॉक्सप्रो नावाच्या भाषेत लिहिला. म्हणजे मी आणि विलासनं लिहिला. सर ऑप्शनच्या सूत्रात बुडालेले असत. पण एक गोष्ट त्यांनी स्वतः घातली आणि तिथेच सगळं बिघडलं. जगातला कुठलाही प्रोग्राम प्रश्न विचारून उत्तर मागतो, हो की नाही. सरांना हे फार असंस्कृत वाटे. त्यांनी प्रत्येक पडद्यावर तिसरं उत्तर दिलं. हो म्हणजे वाय, नाही म्हणजे एन, आणि राखून ठेवा म्हणजे आर.

"सर, शेअर पाठवायचा असतो नाहीतर नसतो. राखून कशाला?" मी विचारलं.

"माणसाला कोपऱ्यात गाठू नये, महाजन. मशीननं तर नाहीच नाही."

शेठच्या गादीवरच्या कारकुनांना हे आर बटण मनापासून आवडलं. जन्मभर साहेबांना काय उत्तर द्यायचं या काळजीत गेलेली ती माणसं. सही जुळत नाहीशी वाटली, आर. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, आर. जेवायची वेळ झाली, आर. शेठही खूश होते. "सर, तुमचा प्रोग्राम बहोत नम्र आहे," म्हणाले. प्रोग्राम रोज मुंबईला पाठवायच्या सर्टिफिकेटांची यादी छापायचा, आणि राखून ठेवलेलं त्या यादीत यायचं नाही. हे मला माहीत होतं. विलासला माहीत होतं. आम्ही एकदा सरांना सांगितलंही. सर म्हणाले, "राखलेल्यांची वेगळी यादी करू." कधी करायची, तेही राखून राहिलं.

दोन वर्षं संपायला महिना उरला तेव्हा वहिनी एकदा जळगावला आल्या. सर खाली शेठकडे होते. वहिनींच्या पर्समध्ये कॉलेजचं पत्र होतं. हजर राहण्याची शेवटची तारीख त्यात टाइप केलेली, आणि त्याखाली वहिनींनी लाल पेन्सिलीनं रेघ ओढलेली. मी पारोळ्याची म्हटल्यावर त्या सरळ अहिराणीवर आल्या.

"माले पाहाले उना व्हतात यास्ना घरना, तवय हाई म्हने, आठ दिनमा कळाडतस. चार महिना लागनात, बाई. चार महिना मना बापनी दुसरं ठिकान पाहं नही, का तर आठे शबद दियेल शे." लग्नाआधीची ती गोष्ट सांगून त्या हसल्या, पण पर्स घट्ट धरूनच. "हक्क यास्ना. बरं शे. मंग सक्ती कोनावर शे?"

विलास माझ्याकडे बघायला लागला. दोन वर्षांपूर्वी फळ्यासमोर त्यानं हाच प्रश्न विचारला होता.

सर वर आले. पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. "तारीख अजून लांब आहे," म्हणाले. "हजर व्हायचं की राजीनामा द्यायचा, हे शेवटच्या दिवशी ठरवण्यातच त्या दिवसाची किंमत आहे. आधी ठरवणं म्हणजे हातातला हक्क फुकट घालवणं." जाताना वहिनींनी टेबलावर नव्या रुमालांचा एक डझन ठेवला.

शेवटच्या दिवशी सर सकाळी नेहमीसारखे जळगावला आले. होय, ज्या दिवशी धुळ्याला हजर व्हायचं त्या दिवशी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर उलट्या दिशेला. "दीडच्या गाडीनं निघालो तरी चारला कॉलेजात," म्हणाले. पिशवीत दोन कागद होते, एक हजर होत असल्याचा, एक राजीनाम्याचा. दोन्हींवर सही केलेली. आम्हाला दाखवताना त्यांना अभिमान वाटत होता.

अकरा वाजता खालून शेठचा आवाज आला. मी तसा आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. विकलेले शेअर मुंबईला वेळेत पोहोचले नव्हते. शंभराच्या वर सर्टिफिकेटं कपाटात तशीच होती, आणि समोरच्यांनी तेवढे शेअर बाजारातून चढ्या भावानं उचलून फरक शेठच्या नावावर टाकला होता.

"सर, माल कुठंय?"

"राखून आहे," सर म्हणाले.

"कोणासाठी?"

"निर्णयासाठी."

शेठनं हातातला चष्मा गादीवर ठेवला. "अरे सर, मी दलाल माणूस. निर्णय गिऱ्हाइकानं घेतला, पैसे समोरच्यानं दिले. मला फक्त माल पाठवायचा होता. बाजार राखून ठेवत नाही ना!" मग जरा खाली आलेल्या आवाजात म्हणाले, "एक करा. बसा आज इथं, संध्याकाळच्या रेल्वेनं माणूस मुंबईला जाईल, तोवर सगळी यादी हातानं काढून द्या. जमलं तर पुढचं बोलू. नाही तर खोली रिकामी करा. सांगा, हो की नाही?"

"पाहतो," सर म्हणाले.

मला वाटतं, शेठनं त्या क्षणी त्यांना मनातून सोडलं. ते विलासकडे वळले आणि त्यालाच यादी करायला बसवलं.

बारा वाजता गादीवरचा फोन माझ्यासाठी वाजला. धुळ्याच्या एसटीडी बूथवरून वहिनी बोलत होत्या. शाळेच्या मधल्या सुट्टीत आल्या होत्या, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "सुनीता, तू आज दीडनी गाडीमा जाय. त्यास्ले बसाडी दे फक्त. मंग पुढलं मी पाही लेसू. बसाडी देशी ना?" मी हो म्हटलं. माझ्या उत्तराला तिसरं बटण नव्हतं.

स्टँडवर दोन्ही गाड्या लागलेल्या होत्या. सरांनी सुरत गाडीत एक रुमाल टाकला, धुळे गाडीत एक. धुळे गाडीतला माझ्या शेजारी पडला. मी खिडकीशी बसले. सर खाली चहा घेऊन उभे. पिशवी खांद्याला, पिशवीत दोन कागद.

"सर, वर या."

"येतो. शेठचं काय करावं म्हणता? यादी आज निघाली तर धुळ्याचे, पाचोऱ्याचे दलाल अजूनही हातचे गेलेले नाहीत. आणि उद्या ऑप्शनचा बाजार उघडला..."

"सर, तीनची गाडी धुळ्याला साडेपाचला जाते. कॉलेज पाचला बंद होतं."

"म्हणूनच म्हणतो, अजून वेळ आहे."

सव्वा वाजता सुरत गाडी सुटली. त्यांचा रुमाल घेऊन फाटकातून बाहेर पडली. "जाऊ दे," सर म्हणाले, "आपली ही आहे ना." आणि त्यांनी चहावाल्याला दुसरा कप सांगितला. या वेळी सांगून ठेवला नाही, खरोखर मागवला. हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

दीडला कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी मागे आली, वळली. सर कप हातात धरून उभे. चहा गरम होता. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग नव्या पेठेच्या रस्त्याकडे बघितलं, मग परत गाडीकडे. धावले असते तर चार पावलांवर दार होतं. ओरडले असते तर कंडक्टर थांबला असता. खानदेशात एसटी माणसासाठी थांबते. त्यांनी मोकळा हात वर केला. थांबा म्हणून नव्हे. या म्हणून, सावकाश या म्हणून निरोप देताना करतात तसा.

कंडक्टर माझ्याच सीटजवळ उभा होता. "भाऊ, थांबवा," एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी वहिनींना हो म्हटलं होतं. पण माझा राग दोन वर्षांचा होता. त्यांची खोली, त्यांचे पँटपीस, त्यांची आर नावाची कळ, आणि त्या सगळ्याचा भार आम्हीच वाहायचा, हे मला एकदम असह्य झालं. मनात आलं, एकदा तरी या माणसानं स्वतः ओरडावं. मी तोंड मिटून बसले. गाडी फाटकाबाहेर पडली.

जागा गेली. सर पुन्हा जळगावला आले नाहीत, शेठनं खोलीला कुलूप लावलं. पुढे सर धुळ्याला शिकवण्या घेतात, बॅच सुरू करतात, मध्येच बंद करतात, एवढं कानावर यायचं. काही वर्षांनी आपल्या देशात ऑप्शनचा बाजार कायदेशीरपणे उघडला तेव्हा विलासचा पुण्याहून फोन आला. तो आता तेच प्रोग्राम लिहितो. म्हणाला, "मी देणाऱ्याची फाइल पहिल्यांदा करतो." वहिनींनी मला त्या दुपारबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पण तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. गाडी एरंडोलला थांबली. गर्दी चढली. एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन वाट काढत आली आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या सीटपाशी थांबली. सीटवर निळ्या काठाचा रुमाल घडी न मोडता पडलेला होता. ती बसली नाही. आपल्याकडे रुमालाचा मान ठेवतात.

"हाऊ रुमाल कोना शे, बाई?" तिनं विचारलं. "येनार शे का कोनी?"

मी रुमालाकडे बघितलं.

"नही, अक्का," मी म्हटलं आणि तो उचलला. "कोनी येनार नही. बसा."